मेळ बसला

“मग, बसला का या महिन्यात मेळ?” निरंजनबुवांनी विचारलं.

“बसला म्हणजे काय, बुवा! चांगले चार हजार उरले.”

अविनाश पोतनीसने हे इतक्या जोरात सांगितलं की मठाच्या ओसरीवर पेंगत पडलेलं मांजर उठून चालतं झालं.

वर्षापूर्वी हाच गृहस्थ याच ओसरीवर रडकुंडीला येऊन बसला होता. त्याच्या आईनंच त्याला हाताला धरून आणलं होतं. पगार बरा, बायकोही नोकरी करणारी, तरी वीस तारीख उजाडली की घरात खडखडाट. बुवांनी त्याला ना मंत्र दिला, ना अंगारा. ‘पैसा कुठं जातो ते लिहीत जा,’ एवढंच म्हणाले.

अविनाशनं ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च, खर्चाचे पुन्हा रकाने. दर पहिल्या तारखेला जेवणं आटोपली की सगळ्या घराला समोर बसवून तो महिन्याचा जमाखर्च वाचून दाखवी. आपला तक्ता त्यानं झाडून सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर धाडला होता. गुरूनं नुसतं तोंडी सांगितलं, त्याचं आपण शास्त्र केलं, असं त्याला आताशा मनापासून वाटू लागलं होतं.

आज तो शाबासकी घ्यायला आला होता.

“वाच,” बुवा म्हणाले. “जरा मोठ्यानं वाच. कमी ऐकू येतं हल्ली.”

बुवांना पारावरची कुजबूजही ऐकू येत असे. पण अविनाशला वाचायची इतकी हौस, की त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. त्यानं मोबाईल काढला, घसा खाकरला आणि सुरू केलं. जमा. माझा पगार, हिचा पगार. खर्च. घराचा हप्ता, किराणा, वीज, मुलीची फी...

ओसरीला लागूनच मठाचं स्वयंपाकघर. आत कुणीतरी भाकऱ्या थापत होतं. थप थप थप, एका लयीत.

“...पेट्रोल. किरकोळ. आणि आई.”

“आई?”

“हो, आईचा रकाना वेगळा काढलाय. औषधं, चष्मा, तिचं दूध, गुडघ्याला लावायचं तेल... कुणावर किती जातं ते कळायला नको?”

“बरोबर आहे. तुझ्या रकान्यात किती?”

“माझा कशाला रकाना, बुवा? मी कमावतो ना.”

आतला थापण्याचा आवाज थांबला.



“आईच्या रकान्यात या महिन्याला किती?”

“शून्य!” अविनाश खुलला. “अहो, तिथंच तर मेळ बसला. मागच्या महिन्याच्या अखेरीला आई सांगलीला मावशीकडे गेली. आपणहून म्हणाली, जाते थोडे दिवस. मीच गाडीत बसवून दिलं.”

“कशा आहेत?”

“मजेत असणार. दोघी बहिणी, गप्पांना काय तोटा!”

“बोलणं झालं?”

“पोचल्याचा फोन आला होता. मग मला ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही. आणि काही असतं, तर तिनंच केला असता की.”

“तेही खरंच...”

अविनाशला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. तो जरा पुढं सरकूनच बसला.

तेवढ्यात आतून हाक आली.

“बुवा, पानं घेतलीत. दोघंही आधी जेवून घ्या.”

अविनाशचं बोट मोबाईलवर होतं, ते तिथंच राहिलं.

आवाजासारखा आवाज असतो, त्यानं स्वतःला सांगितलं. असतो की. पण मान दाराकडे वळायला तयार नव्हती.

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, दोन्ही हातांना पीठ.

“चल, हात धू,” आई म्हणाली. “भाकरी निवेल.”

“आई, तू... तू इथं? आणि मावशी?”

“होते की तिच्याकडे चार दिवस. तिच्या सुनेला तुझा तक्ता फार आवडला रे. तिनंही पहिल्या तारखेला सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. पाहुण्यांचा एक रकाना होता नवीन.” आई हसली. “मग घरी जाते म्हणून निघाले. गाडी या वाटेनंच जाते. उतरले.”

तिच्या बोलण्यात राग असता तर अविनाशला बरं वाटलं असतं. राग नव्हता. रुसवाही नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणलं, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं होतं. कुणी फाडकन थोबाडीत मारली असती, तरी तो एवढा हादरला नसता. सबंध महिना! सबंध महिना आपली आई कुठं आहे, हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि आपण पैसे उरले म्हणून खूश होतो.

“मला फोन का नाही केलास?” त्यानं विचारलं.

“तुझा मेळ बसत होता ना,” आई म्हणाली. “म्हटलं, बसू दे.”

आत तव्यावर काहीतरी करपल्याचा वास आला. “अगं बाई!” म्हणत ती लगबगीनं आत गेली.



अविनाशला काहीतरी करायला हवं होतं. उठून आत जायला हवं होतं, तिचे पाय धरायला हवे होते. ते त्याला समजतही होतं. पण माणूस घाबरला की हाताला ज्याची सवय असते तेच हात करतो. अविनाशचा हात खिशाकडे गेला. पाकीट बाहेर आलं. तो नोटा काढू लागला.

“बुवा... इतके दिवस ती तुमच्याकडे राहिली, तुमच्याकडे जेवली... तिच्या खाण्यापिण्याचे किती झाले ते सांगा. मी देतो. आत्ताच्या आत्ता देतो.”

बुवांनी त्या नोटांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच अविनाशला त्या चेहऱ्यावर हसू दिसलं नाही. गुडघ्यावर हात टेकून म्हातारा उठला आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन थांबला.

“ती आमच्याकडे नाही रे जेवत,” बुवा म्हणाले. “आम्ही तिच्याकडे जेवतो.”