ओठावरची शिवण

“...म्हणजे प्रायश्चित्त बायकोने घ्यायचं की मी, एवढंच सांगा बुवा.”

विश्वंभर तावातावाने बोलत होता. निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. संन्यास घेण्याआधी ते डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना शरीररचना शिकवत.

विश्वंभर म्हणजे नियमांचा पक्का. उंबरठा ओलांडायचा तर आधी पंचांग उघडणार. आणि नेमका त्याच्याच घरी मुलगा जन्मला, तो वरचा ओठ दुभंगलेला.

“झालं काय, ते तर सांग.”

“ग्रहणात सुमतीने विळी धरली. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरू नये, हे काय मी सांगायला हवं? डॉक्टर म्हणतात, टाके घालून ओठ जुळवून देतो. पण आधी दोष फेडायला नको? तिला माहेरीच ठेवलंय. बारसंही केलं नाही.”

“कितवा महिना होता?”

“सातवा.”

“चिरलं काय?”

“भोपळा.”

“मग भोपळाच चिरला गेला, बाबा. ओठ जुळायचा तो दुसऱ्या महिन्यातच जुळतो.”

विश्वंभर बोटांवर महिने मोजू लागला.

“जवळ ये.”

बुवांनी हात उपरण्याला पुसले. त्याच्या नाकाखालच्या खोबणीच्या कडांवरून बोट फिरवलं.

“या दोन कडा लागतात ना हाताला? शिवणी आहेत त्या. मधला तुकडा नाकाकडून खाली उतरला, बाजूचे दोन गालांकडून आले आणि इथे भेटले.”

“माझे?”

“तुझे, माझे, सशाचे, मांजराचे. आईच्या पोटात असताना मानेपाशी तर माशाच्या पिल्लासारख्या घड्या होत्या तुला. माशाचे त्यांतून कल्ले होतात. तुझा जबडा झाला, कानातली हाडं झाली. माणूस नव्हता तेव्हापासूनची रीत आहे ही.”

“म्हणजे... माझाही ओठ फाटलेला होता?”

“फाटलेला कसला? जुळायचा होता. तुझा जुळला, त्याचा राहिला.”

“माझा कसा जुळला मग?”

“कोण जाणे... तू कोणता नियम पाळला होतास?”

 विश्वंभरने हळूच स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं.  डोळे भरून आले.

“काहीच नाही हो बुवा. सगळं आयतं मिळालं मला. केवढे उपकार... आणि मी दोष शोधत बसलो!”

तो पाया पडायला वाकला. बुवांनी चटकन पाय आखडून घेतले.

“इथे नको वाकूस. तुझ्या लेकराचं हे काम जिच्या पोटात चाललं होतं, ती माहेरी रडत बसलीय.”