तिरपी फुंकर

"पण सर, सगळं देऊनही ती टिकत का नाही?"

मृण्मयीनं वितळलेलं तांब्याचं तोंड टेबलावर ठेवलं. ते तिच्या टॉर्चचं होतं. टॉर्चमध्ये विजेची प्रज्योत, म्हणजे दोन धातूंमधल्या फटीतली अखंड ठिणगी, पेटवायची आणि तिच्या आचेत दवाखान्यांचा कचरा जाळायचा, हे तिचं संशोधन. प्रज्योत पेटायची, भरकटायची, तांबं खायची आणि विझायची. विभागानं आता शेवटची मुदत दिली होती.

तांबोळी सर याच विभागातून निवृत्त झालेले. तिनं बोलावलं म्हणून आले. आल्यापासून मात्र तीच त्यांना समजावत होती.

"काय काय दिलंस?"

"करंट वाढवला. वायू कमी केला."

"कमी का?"

"थंड वायूनं ती विझते. जोरात सोडून पाहिला, तर फुंकर मारावी तशी गेली."

"सोडलास कुठून?"

"मागून. सरळ."

टॉर्चच्या कुशीला एक तिरपं छिद्र होतं. त्याला बूच बसवलेलं. सरांनी त्यावर बोट ठेवलं.

"जुन्या रचनेतलं आहे," ती म्हणाली. "मला गरज वाटली नाही."

सरांनी बूच काढून मागच्या छिद्राला लावलं आणि वायूची नळी कुशीला जोडली.

"नवं तोंड बसव."

"एवढं एकच उरलंय, सर."

"बसव."

दोघांनी काळे चष्मे लावले. तिनं आतली दांडी पुढे सरकवून तांब्याला टेकवली, मग हलकेच मागे घेतली. मधल्या फटीत प्रज्योत उभी राहिली. थरथरत, भिंतीकडे झुकत.

"पेटवणं तुला येतं," सर म्हणाले. "आता वायू उघड."

"विझेल."

"उघड."

तिनं चावी थोडी फिरवली. हात थांबला.

"अजून."

"सर…"

"अजून."

तिनं डोळे मिटले आणि चावी पूर्ण फिरवली.

डोळे उघडून पाहिलं, तर प्रज्योत आकसून दोऱ्याएवढी झाली होती. पूर्वीपेक्षा कितीतरी पांढरी. थरथर गेली होती. तिरप्या छिद्रातून आलेला वायू भिंतीलगत गोल फिरत होता आणि ती मधोमध उभी होती. तांब्याला कुठे शिवत नव्हती.

"कडेनं गार केली…" ती पुटपुटली, "आणि सगळी वीज मधल्या दोऱ्यात कोंडून जास्त तापली."

"हं."

बराच वेळ दोघं बघत राहिली. सरांनी चष्मा काढला, पिशवी उचलली.

"आता मी हिला सोडून कुठे जात नाही, सर. इथेच बसते."

सर दारात थांबले.

"बस. पण समोर नको… त्या वायूसारखी बाजूला बस."