आरशाची पाठ

पुष्कळ पूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की तेव्हाच्या राजाचे नावही आता कोणाला सांगता येत नाही. डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात लेणी कोरणाऱ्यांचे, रंग कालवणाऱ्यांचे आणि आरसे घडवणाऱ्यांचे एक गाव होते. गावामागच्या कड्यात एक खोल लेणे होते आणि त्यात दिवा नेणे निषिद्ध होते. दिव्याची काजळी भिंतीवर बसते आणि बसलेली काजळी रंग घेऊनच निघते, हे तिथल्या लेकरांनाही ठाऊक होते.

मग आत उजेड कसा जाई? तो आरशांवरून जाई. लेण्याच्या दाराशी काशाचा एक थोरला सपाट आरसा उभा असे. सूर्याचे किरण त्यावर पडत, वळत आणि सरळ आतल्या दालनात शिरत. तिथे दुसरा सपाट आरसा ते झेलून भिंतीकडे धाडी. सपाट आरशाचा स्वभाव असा, की तो किरणांना जवळ ओढत नाही आणि पांगवतही नाही. ज्या कोनात ते येतील, त्याच कोनात तो त्यांना निरोप देतो. म्हणून आरसा जेवढा, भिंतीवरचा उजेडाचा तुकडाही जवळजवळ तेवढाच.

आरसे घडवण्याची विद्या गावात एकाच घराण्याकडे होती आणि ती आईकडून लेकीकडे जात असे. ज्या काळाची ही कथा, त्या काळी ती जिच्या हाती होती, ती स्त्री मान ताठ ठेवून चालत असे. तिने घासलेल्या आरशात पाहताना आरसा मध्ये आहे याचाच विसर पडे. आपल्या कामाचा तिला अभिमान होता आणि तो मुळीच खोटा नव्हता.

त्या घराण्याची एक रीत होती. आरसा सिद्ध झाला, की घडवणारीने त्याच्या पाठीवर तीन नावे कोरायची : आपले, आपल्या आईचे आणि आजीचे. पाठ कोणाला दिसत नसे, तरी नावे कोरली जातच.

आतल्या दालनात एक वृद्ध चित्रकार भिंतीवर नदी रंगवीत होता. उगमापासून समुद्रापर्यंतची अखंड नदी. परंतु उजेडाचा तुकडा जिथे पडेल, तेवढेच त्याला दिसे. आज एक घाट, उद्या एक वळण, परवा एक होडी. सारे आयुष्य तो असा तुकड्यांत रंगवीत आला होता.

गावकरी त्याची थट्टा करीत. "काय आजोबा, तुमची नदी समुद्राला मिळाली, की वाटेतच आटली?"

"मिळाली असावी," तो म्हणे. "दोघांना एकत्र पाहिलेले मीही नाही."

एके दिवशी त्याने कुंचला खाली ठेवला आणि आरसे घडवणारीला बोलावून घेतले.

"पोरी, चित्र पुरे झाले. पण माझ्या डोळ्यांवर साय धरू लागली आहे. पुढचा उन्हाळा मला दिसेल असे वाटत नाही. तुझ्या आरशांनी मला आयुष्यभर ही नदी घोटाघोटाने पाजली. डोळे मिटण्याआधी ती एकदाच, उगमापासून समुद्रापर्यंत, एका दृष्टीत पाहायची आहे. होईल तुझ्याकडून?"

"आजीची शपथ घेऊन सांगते," ती म्हणाली, "भिंतभर उजेड पाडीन."

घरी परतली तेव्हा तिची मावशी अंगणात नवी परात घासत होती. आरसे घडवणारीने ती परात उचलून आत डोकावून पाहिले. परातीच्या खोलगट पोटात तिचा चेहरा थोरला होऊन उमटला होता. तिने परात उलटी केली. फुगीर पाठीवर तोच चेहरा बोराएवढा झाला.

"सापडले!" ती म्हणाली. "खोलगट आरसा घडवायचा. जो चेहरा मोठा करतो, तो उजेडही मोठा करील."

मावशी भट्टीचे काम पाही आणि बोलताना भीड धरीत नसे. "चेहरा मोठा दिसला म्हणून उजेड मोठा होईल, हे तुला कोणी सांगितले?"

"मावशी, या घरात सांगणारी कोण आणि ऐकणारी कोण, हे एकदा ठरवू या का?"

"ठरव बाई. पण भाता माझ्या हातात आहे, तोवर मी बोलणारच."

घरात होते नव्हते तेवढे सारे कासे वितळवून तिने एक जाड आरसा ओतला. त्याला परातीसारखी मध्यभागी किंचित खोली दिली, वाळूने घासला, विटकरीच्या पुडीने उजळला. त्यात डोकावताच तिला आपला चेहरा भरघोस, तेजस्वी आणि एखाद्या देवतेसारखा भव्य दिसला. 'असा आरसा माझ्या आईनेही घडवला नव्हता,' असे तिच्या मनात आले. मग तिने पाठीवर तीन नावे कोरली, नेहमीपेक्षा जरा खोल.

ऐन दुपारी तो आरसा दालनात आतल्या सपाट आरशाच्या जागी उभा राहिला. चित्रकार भिंतीसमोर बसला. तिने ऐटीने आरशावरचे वस्त्र दूर केले.

उजेड भिंतभर पसरला नाही. तो आकसला. साऱ्या आरशावरचे ऊन भिंतीवर तळहाताएवढ्या एका ठिपक्यात गोळा झाले आणि तो ठिपका पाहवेना इतका प्रखर झाला. काय घडते आहे हे कळण्याआधीच धूर निघाला. रंगात कालवलेला डिंक जळल्याचा उग्र वास दालनात भरला. मावशीने धावत येऊन आरशावर वस्त्र टाकले.

नदीचा काठ एका जागी काळाठिक्कर पडला होता.

चित्रकाराने पुढे होऊन त्या डागावरून बोट फिरवले. "पोरी, उजेड मागितला होता. तू तर नदीच पेटवलीस."

ती वस्त्रासकट आरसा खाली उतरवू लागली.

"अगं, काठच जळला आहे, पाणी शाबूत आहे," तो म्हणाला. "इथे मी वाटसरूंची चूल मांडतो. एवढ्या लांबच्या प्रवासात त्यांनाही भूक लागतच असेल. पण पोरी, दिवस थोडे उरले आहेत बरं का."

ती आरसा घेऊन अंगणात आली. चुकले कुठे, हे कळेपर्यंत जेवायचे नाही, असे तिने मनाशी ठरवले. तिने आरसा उन्हात धरला आणि त्याच्यासमोर मूठभर रांगोळी उधळली. हवेतल्या भुकटीत किरणांची वाट उजळून निघाली. ते सारे एकमेकांकडे झुकत एका टोकाशी जमत होते. तिने पुन्हा भुकटी उधळली, पुन्हा पाहिले, आणि मग तिच्या कपाळावरची आठी सुटली.

"मावशी, नियम बदललेलाच नाही! सपाट आरशाचा जो नियम, तोच याचाही. या आरशाचा प्रत्येक तीळभर भाग म्हणजे एक इवला सपाट आरसाच आहे. किरण ज्या कोनात येतो, त्याच कोनात परततो. पण खोलगट आरशात ते सारे इवले आरसे आत कललेले आहेत, म्हणून किरण एका जागी गोळा होतात."

"मग फुगीर आरशात?"

"बाहेर कललेले. तिथे किरण पांगतील. भिंतभर!" बोलता बोलता ती थांबली. "जो माझा चेहरा बोराएवढा करतो, तोच उजेड पसरतो."

"आता फुगीर आरसा ओतायला कासे कुठून आणणार? व्यापाऱ्यांचे तांडे उन्हाळ्याखेरीज घाट चढत नाहीत."

तिने हातातला आरसा उलटा केला. पोट खोलगट, म्हणून पाठ फुगीर होती. आणि त्या पाठीवर तीन नावे होती.

मावशीचा आवाज उतरला. "त्यावर तुझ्या आजीचे नाव आहे. या घरात आजवर कोणी नाव पुसलेले नाही."

"शपथही आजीचीच घेतली आहे," ती म्हणाली. "म्हातारा आंधळा झाला आणि नावे राहिली, तर आजी मला काय म्हणेल?"

"नावे मी घासते. तुझ्याने व्हायचे नाही."

"दे इकडे ती वाळू. माझे नाव घासायचे, तर ते मीच घासणार. इतके चांगले घासणारी या गावात दुसरी आहे तरी कोण?"

मावशीला रडता रडता हसू आले.

आधी तिचे स्वतःचे नाव गेले, मग आईचे, शेवटी आजीचे. फुगवटा वाढावा म्हणून तिने पाठीच्या कडा अधिक झिजवल्या. बोटांची साले निघाली, पण हात थांबला नाही. अखेरीस पाठ लखलखली. तिने त्यात पाहिले. अंगण, आभाळ, मावशी, भट्टी असे सारे त्यात मावले होते आणि त्या साऱ्यात ती स्वतः एका कोपऱ्यात बोराएवढी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारे गाव दालनात दाटीवाटीने उभे राहिले. दाराशी सपाट आरशाने सूर्याला वळवले. आत फुगीर आरशाने त्याचे किरण झेलले आणि हलकेच पांगवले. चांदण्याहून थोडा उजळ असा सौम्य प्रकाश भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला.

चित्रकार मागे सरकत गेला, पाठ समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत. त्याची दृष्टी उगमापाशी थांबली, घाट उतरली, वळणे घेत, होड्यांना ओलांडत, वाटसरूंच्या चुलीवरून पुढे जाऊन समुद्राला मिळाली. मग पुन्हा उगमाकडे गेली.

"अगं पोरी," तो लहान मुलासारखा ओरडला, "ही तर एकच नदी आहे!"

कोणी हसले, कोणी डोळे पुसले. एकूण एक मान भिंतीकडे वळली होती. आरशाकडे मात्र साऱ्यांच्या पाठी होत्या. ती आरशापाशी उभी राहून त्या पाठी पाहत होती. तिची मान आयुष्यात इतकी ताठ कधीच झाली नव्हती.

हिवाळा सरण्याआधी चित्रकाराची दृष्टी गेली. तरीही तो रोज दालनाबाहेर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नदी सांगे, उगमापासून समुद्रापर्यंत, एकही वळण न गाळता.

तात्पर्य : जो अभिमान स्वतः लहान होऊन दुसऱ्याचे काम उजळतो, तोच मिरवण्याजोगा असतो.