धावपट्टीचा सूर

पहाटेच्या धुक्यात सड्यावरची, त्या उघड्या कातळपठारावरची, धावपट्टी कुणीतरी अंथरून विसरलेल्या दुलईसारखी पडली होती. काँक्रीटच्या त्या दुलईला जागोजागी नवी ठिगळं होती. ती तपासायला इंजिनिअर मृण्मयी केळुसकर आली होती. आतून सुटलेलं ठिगळ हातोडीखाली बद्द वाजतं, आणि त्याचा तुकडा उडाला तर थेट विमानाच्या इंजिनात जातो.

डागडुजीचे ठेकेदार मुकुंदराव जहागीरदार म्हणजे मोठं प्रस्थ. तबला जरा उतरला, की भर मैफलीत हात वर करून वादकाला थांबवणारे.

"ठोकून काय कळणार, बाई?" ते म्हणाले. "वरून कसं काचेसारखं आहे! करा सही."

मृण्मयीनं हातोडी उचलली. "साहेब, तुमचा कान साऱ्या जिल्ह्यात नावाजलेला. डोळे मिटा, मी ठोकत जाते. सगळं सुरात आहे म्हणालात, की लगेच सही."

भोवती त्यांचीच माणसं उभी होती. मुकुंदराव खुलले आणि त्यांनी डोळे मिटले. हातोडी खणखणीत वाजू लागली. धुक्यात जणू मैफलच जमली.

"वा!" मुकुंदराव डोलू लागले. "क्या बात है!" आणि एकदम त्यांचा हात वर गेला. "छे छे! हा उतरलाय!"

डोळे उघडले, तर हातोडी त्यांच्याच नव्या ठिगळावर.

"तबला असता तर याच हातोडीनं चढवून दिला असता, साहेब," मृण्मयी हळूच म्हणाली. "हे मात्र उखडावंच लागेल."