रिंगणाबाहेर बसलेली अस्वलीण

फार फार पूर्वी, रानाला अजून वाटा फुटल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट.

त्या रानात मोहाची झाडं उदंड. उन्हाळ्यात फुलं गळत, खळग्यांतल्या पाण्यात साचत आणि आंबत. ते पाणी एकदा जिभेला लागलं की सुटत नसे. ज्यांना ते सोडायचं होतं, असे काही प्राणी रोज सकाळी वडाखाली रिंगण करून बसत. कालचा दिवस कसा गेला ते एकमेकांना सांगत आणि त्या बळावर आजचा निभावून नेत. एक म्हातारी हत्तीण त्या सगळ्यांना धरून ठेवी.

रिंगणाच्या तोंडाशी कोल्हा उभा असे. येणाऱ्याचं तोंड हुंगायचं आणि वास आला की परत पाठवायचं, हे त्याचं काम. त्याचंही अगदीच चुकत नव्हतं म्हणा. नुसत्या वासानं मन कसं पाघळतं, हे त्यानं स्वतःवरून ओळखलं होतं.

एक दिवस तिथे अस्वलीण आली. नशेत झोकांड्या खाताना तिच्या पाठीवरचं पिल्लू दरीच्या काठावर पडलं होतं. झुडपात अडकलं म्हणून वाचलं. पण तेव्हापासून ते आईच्या पाठीवर बसेना. ती जवळ गेली की लांब सरके. हे एकच दुःख घेऊन ती आली होती.

कोल्ह्यानं हुंगलं आणि म्हणाला, "अस्वलीणबाई, आज कुठलं डबकं आटवून आलात? वास जाईल तेव्हा या."

ती निमूट परतली. परतताना मोहाखालूनच जावं लागायचं. एकटीचं मन किती टिकणार? दुसऱ्या सकाळी पुन्हा वास, पुन्हा तेच उत्तर. असं कितीदा तरी झालं.

शेवटी एकदा ती परत गेलीच नाही. बोलणं ऐकू येईल इतक्या अंतरावर, रिंगणाबाहेर, मान खाली घालून बसली. म्हणाली, "आत येत नाही, पण माघारी फिरले तर वाटेत मोह आहे."

रिंगणातली वानरं फिदीफिदी हसली. हत्तीण मात्र उठली, सावकाश चालत बाहेर आली आणि तिच्याशेजारी बसली.

"हे सोडायचंय का गं तुला?"

"सोडायचंय, आजी. पण जमत नाही."

"आम्हाला तरी एकेकट्याला कुठं जमलं, बाई?"

मग रानडुक्कर उठलं, सांबर उठलं. हसणारी वानरंही गुपचूप आली. बघता बघता सगळं रिंगण बाहेर येऊन बसलं आणि कोल्हा रिकाम्या जागेची राखण करत उभा राहिला. जरा वेळानं तोही आला. त्याला बसायला अस्वलिणीनंच सरकून जागा दिली.

त्या दिवशी मोहाखालून जाताना सांबर तिच्यासोबत चाललं. पुढे रोज कुणी ना कुणी चालू लागलं. पिल्लू काही लगेच विसरलं नाही. पाऊस येऊन गेला, गवत पिवळं पडलं, तेव्हा कुठे एका सकाळी ते आपणहून आईच्या पाठीवर चढलं. ती पाय जपून टाकत राहिली.

बाळांनो, सोडायची इच्छा घेऊन जो दाराशी आला तो आपलाच. त्याला परत पाठवू नये.