मरण स्वस्त, चालणे महाग

एकदा एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांवर साठीच्या उंबरठ्यावर व्हिडिओ गेम शिकण्याची वेळ आली.

डॉक्टरांचे नाव मुकुंद हळबे. सांगलीत त्यांचा लौकिक मोठा होता. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या उशाशी हळबे डॉक्टर आहेत असे कळले, की बाहेर बसलेले नातेवाईक निम्मे निश्चिंत होत. औषधाचा एक थेंबही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची साधना होती, आणि तिने अनेकांचे प्राण सांभाळले होते.

घरी मात्र ते एकटे होते. पत्नी वसुधाताई दीड वर्षापूर्वी गेल्या. एकुलती मुलगी ऋजुता कॅनडात संशोधन करत होती. वसुधाताई असताना फोन त्यांच्याच हातात असे. मायलेकी तासन्‌तास बोलत, आणि डॉक्टर पलीकडच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचता वाचता ऐकत. आता रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, बापलेकीचा फोन होई. थंडी किती आहे, जेवायला काय केलेस, तब्येत जप. एवढ्यावर शब्द संपत. आईचा विषय दोघेही काढत नसत. आपल्या तोंडून भलता शब्द जाईल आणि पोर परक्या देशात एकटी रडत बसेल, या धास्तीने डॉक्टर फार जपून बोलत.

एका रविवारी ऋजुताच म्हणाली, "बाबा, तू माझ्या गेममध्ये ये ना. फोनवर आपण नुसते एकमेकांकडे बघत बसतो. तिथे निदान बरोबर भटकू तरी."

तो गेम म्हणजे एक अफाट जग होते. डोंगर, अरण्ये, दलदली, नगरे. त्यात आपण एक पात्र घ्यायचे आणि वाटेल तिकडे जायचे. ऋजुताचे पात्र उत्तरेच्या बंदरात राहत होते. नव्या माणसाची सुरुवात दक्षिणेच्या एका खेड्यात होई, आणि बंदर गाठल्याशिवाय दोघांना एकत्र खेळता येत नव्हते. "नाताळच्या सुट्टीत मी मोकळी आहे," ऋजुता म्हणाली. "नंतर प्रबंधाचं काम सुरू झालं की मान वर करायला मिळणार नाही."

डॉक्टरांनी गेम खेळायचे यंत्र आणले, जोडून घेतले आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे तयारीला लागले. इंटरनेटवर शिकवणारे पुष्कळ होते. एकाने सांगितले, धनुर्धारी व्हा. डॉक्टर धनुर्धारी झाले. दुसरा म्हणाला, नवख्याने मांत्रिक व्हावे. डॉक्टरांनी धनुर्धाऱ्याला मोडीत काढून मांत्रिक घडवला. तिसऱ्याने ढालवाल्याची थोरवी गायली, तेव्हा मांत्रिकही गेला. प्रत्येक वेळी खेळ त्याच खेड्यात नव्याने सुरू होई. गावाभोवतीच्या औषधी वनस्पती खुडून ते जखम भरून काढणारी औषधे तयार करत आणि थैलीत साठवत. वेशीबाहेर पुलापलीकडे काळ्या चिलखतातला एक राक्षस उभा असे. पुलापर्यंत जाऊन, त्याला दुरून न्याहाळून डॉक्टर परत येत.

सुट्टी निम्मी सरली. ऋजुताने विचारले, "बाबा, कुठवर आलास?"

"अजून गावातच आहे गं. तयारी चालू आहे."

ती समजूतदारपणे म्हणाली, "राहू दे बाबा. नाही जमलं तरी चालेल."

ते 'चालेल' डॉक्टरांच्या जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वरच्या मजल्यावर कालिंदीबाई वर्तकांकडे गेले.

कालिंदीबाईंनी सत्तरी ओलांडली होती. कॉलेजात त्यांनी भूगोल शिकवला. यजमान अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे जगातल्या नद्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंना मिरजेपलीकडे जाणेही कठीण होते. यजमानांच्या पश्चात भाच्याने त्यांना असे एक यंत्र आणून दिले, आणि तेव्हापासून बाई या मायावी प्रदेशांतून मनसोक्त हिंडत होत्या. कॉलनीतली कॉलेजची मुलेसुद्धा अडली की बाईंकडे येत.

"बाई, माझं कुठे चुकतंय ते बघता का जरा?" डॉक्टर म्हणाले.

बाई खाली आल्या. चष्मा पुसून त्यांनी डॉक्टरांच्या पात्राची थैली उघडून पाहिली.

"इतकी औषधं? एकही प्यायलेलं दिसत नाही."

"जपून ठेवली आहेत. कठीण प्रसंगासाठी."

"तो येणार कुठून? तुम्ही वेशीबाहेर जातच नाही."

एवढे बोलून बाईंनी कंट्रोलर हाती घेतला आणि डॉक्टरांचा ढालवाला थेट पुलावरून त्या राक्षसासमोर नेऊन उभा केला. ढाल उचलली नाही, तलवार उपसली नाही. राक्षसाने गदा उगारली आणि एका घावात ढालवाला कोसळला. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. पडदा काळवंडला, आणि पात्र गावच्या वेशीवरच्या दगडी दिव्यापाशी पुन्हा उभे राहिले.

बाई पुन्हा निघाल्या. या खेपेला त्यांनी त्याला पुलावरून नदीत उडी मारायला लावली. तो वाहत गेला आणि धबधब्याखाली बुडाला. पुन्हा दिवा. मग त्या टेकडीवरच्या एका ओढ्यातून वर चढत गेल्या आणि शेवटी काठावर सोबत चालणाऱ्या लांडग्यांच्या कळपात सरळ जाऊन थांबल्या.

"बाई, अहो, मारून टाकलंत तुम्ही माझ्या माणसाला," डॉक्टर न राहवून म्हणाले.

"तुमचा माणूस तर तो बघा, दिव्यापाशी उभा आहे. थैली तपासा. काय गेलं?"

डॉक्टरांनी तपासले. वाटेत वेचलेली थोडी पाने गेली होती. बाकी सारे जागच्या जागी होते.

"बरं, आता सांगा, काय काय दिसलं?"

डॉक्टर विचारात पडले. निरीक्षण हा तर त्यांचा धर्मच. ते सावकाश म्हणाले, "तो राक्षस घाव घालण्याआधी डावा पाय मागे ओढतो. त्या वेळात बाजूने निसटता येईल. धबधब्यामागे गुहेसारखं काहीतरी होतं. आणि लांडगे पाण्यात उतरत नाहीत, काठावरच थांबले होते."

"इतके दिवस गावात बसून यातलं काही कळलं होतं?"

बाईंनी कंट्रोलर त्यांच्या हातात परत दिला आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"डॉक्टर, तुमच्या टेबलावर एक चूक झाली तर माणूस परत येत नाही. तिथे माणसाने तुमच्यासारखंच असावं. तुम्ही तसे आहात म्हणून आम्ही निर्धास्त असतो. पण प्रत्येक जगाचा कायदा निराळा असतो. तिथे पाऊल टाकल्यावर आधी हे बघावं, की इथे चूक केवढ्याला पडते. या जगात मरण स्वस्त आहे आणि चालणं महाग. मेलात तर दिव्यापाशी उठाल. पण चाललाच नाहीत, तर जो दिवस गेला तो गेला. तुम्ही ऑपरेशन थिएटरचा कायदा इथे घेऊन आलात, आणि सगळं जपता जपता नेमकं जे जपायचं तेच खर्च करून बसलात."

डॉक्टरांनी पात्राची थैली पुन्हा उघडून पाहिली. मग त्यांनी विचारले, "म्हणजे पहिला धनुर्धारीच ठेवला असता तरी चाललं असतं?"

"कोणीही चालतो. आता हा आहे ना, याला मोडू नका. चालता चालता तोच घडत जाईल. औषधं प्या, पळावंसं वाटलं की पळा, त्यात लाज नाही. वाटेत लोक भेटतील त्यांच्याशी बोला. खेळ करणाऱ्यांनी त्यांच्या तोंडी उगीच शब्द घातलेले नाहीत. आणि ते शिकवणारे व्हिडिओ बंद करा. दुसऱ्याच्या वाटेने गेलात तर पोहोचाल, पण लेकीला सांगायला तुमच्यापाशी काही उरणार नाही."

त्या संध्याकाळी डॉक्टर वेशीबाहेर पडले. पुलापाशी ते पुष्कळदा मेले. पहिल्या मरणाला छाती धडधडली, पुढे पुढे हसू येऊ लागले. अखेर राक्षसाचा डावा पाय मागे सरकताच ते त्याच्या बाजूने निसटले आणि जीव घेऊन धावत सुटले. त्याला मारले नाहीच. मागे वळून पाहिले तेव्हा तो पुलाच्या तोंडाशी तसाच उभा होता, आणि समोर सारे जग मोकळे पडले होते.

पुढचा प्रवास काही शौर्याचा नव्हता. एका दलदलीत ते असे चुकले की उत्तर कोणती हेच कळेना. तिथे एका म्हाताऱ्या कोळणीची नाव चिखलात रुतली होती. डॉक्टरांनी ती ओढून काढून दिली, तेव्हा तिने आपली वेताची टोपी त्यांना दिली आणि वेळूच्या बनातून जाणारी एक आडवाट दाखवली. त्या वाटेने ते डोंगराच्या पाठीमागच्या एका तळ्याकाठी निघाले. तिथे कोणी शत्रू नव्हता, काही मिळवण्यासारखेही नव्हते. नुसते शुभ्र पक्षी होते, चाहूल लागली की सारे एकदम उडत आणि पुन्हा येऊन बसत. डॉक्टर कितीतरी वेळ त्यांना पाहत उभे राहिले.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी ते बंदरात पोहोचले. ऋजुताचे पात्र धक्क्यावर वाट पाहत होते. रुपेरी चिलखत, पाठीला लखलखते खड्ग. डॉक्टरांच्या अंगावर फाटकी बंडी आणि डोक्यावर वेताची टोपी.

कानाला लावलेल्या हेडफोनमधून तिचा आवाज आला, "बाबा, हे काय घातलंयस? आणि तू डोंगराकडून कसा आलास? रस्ता तर पलीकडे आहे."

"मी दलदलीतून आलो."

"तिकडे काय आहे? मी कधी गेलेच नाही. सगळे म्हणतात, तिकडे काही मिळत नाही."

"चल, दाखवतो," डॉक्टर म्हणाले.

मग बाप पुढे आणि लेक मागे, असे ते दोघे निघाले. वाटेत डॉक्टर आपल्या फजित्या सांगत होते. कुठे बुडालो, कुठे पळालो, कुठे लांडग्यांनी झाडावर चढवले. ऋजुता हसत होती, मध्येच अडवून प्रश्न विचारत होती. तिचे असे हसणे डॉक्टरांनी दीड वर्षात ऐकले नव्हते. बोलता बोलता तळे आले. पक्षी उडाले आणि पुन्हा येऊन बसले. दोन्ही पात्रे काठावर बसली.

डॉक्टरांच्या ओठांवर एक प्रश्न आला. तो पूर्वीही अनेकदा आला होता, आणि त्यांनी तो थंडीच्या चौकशीखाली दडपला होता. या वेळी त्यांनी तो अडवला नाही.

"ऋजू, आईची आठवण आली की तू काय करतेस?"

पलीकडे शांतता पसरली. आपण चुकलो, असे डॉक्टरांना वाटले. जुनी सवय म्हणाली, विषय बदल. पण ते थांबले.

"काही करत नाही," ऋजुता हळूच म्हणाली. "तिचे जुने व्हॉइस मेसेज ऐकते. एकात ती भरल्या वांग्यांचं सांगतेय. मसाला भरताना चिरा देठापर्यंत नेऊ नकोस, वगैरे. मध्येच तुला हाक मारते, गॅस बंद करायला."

"माझ्याकडे तिचा एकही नाही," डॉक्टर म्हणाले. "मी घरातच असायचो ना. मला कशाला पाठवेल ती. मला पाठवशील?"

"तुला चालेल? मला वाटायचं तुला त्रास होईल. म्हणून मी तिचं नावच काढत नव्हते."

"मीही म्हणूनच काढत नव्हतो," डॉक्टर म्हणाले.

माणसे एकमेकांना जपतात ही मोठीच गोष्ट आहे. परंतु आपल्या माणसाशी बोलताना झालेली चूक आपल्याला वाटते तेवढी महाग नसते, हे डॉक्टरांना त्या क्षणी उमगले. ऋजुताला रडू आले होते. तिने ते लपवले नाही, आणि डॉक्टरांनीही तिला 'रडू नकोस' म्हटले नाही. थोड्या वेळाने तिने वांग्यांचा तो मेसेज पाठवला. दोघांनी तो एकदमच ऐकला. मग ती आईचे काहीतरी सांगू लागली, डॉक्टर त्यात भर घालू लागले, आणि पडद्यावर ती दोन पात्रे हत्यारे खाली ठेवून तळ्याकाठी तशीच बसून राहिली.