पाच वर्षांचा हरण्या

माळरानाला लागून एक छोटंसं राज्य होतं. तिथला राजा सोमपाल मनानं चांगला होता, पण मरणाला फार भ्यायचा. त्याच्यासाठी राजवैद्यांनी आयुष्य वाढवणारा काढा तयार केला.

"पण याची परीक्षा कशी घ्यायची?" राजानं विचारलं.

"माणसावर घेतली, तर निकाल बघायला आपण दोघंही नसू," वैद्य म्हणाले. "माळावरचा उंदीर घेऊ. त्याचं बालपण, तारुण्य, म्हातारपण, सगळं दोन-तीन वर्षांत आटोपतं. काढा घेऊन तो पाच वर्षं जगला, तर औषध खरं."

लगेच माळावरून एक पिल्लू आईसकट आणलं. हे उंदीर हरणासारखे उड्या मारतात, म्हणून त्याचं नाव ठेवलं हरण्या. रोज काढा पाजायला राजाला लहानाचं मोठं करणाऱ्या धुरपादाईकडे तो सोपवला. तिच्याखेरीज पिंजऱ्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

राजवाड्यात नुसती धांदल उडाली. अठराव्या दिवशी हरण्यानं डोळे उघडले, तेव्हा साखर वाटली. तीन-चार महिन्यांत तो पुरता मोठा झाला. नगारा वाजला की मागचे पाय दाणदाण आपटायचा. राजा रोज सकाळी तोंडही न धुता त्याला बघायला धावायचा.

दोन वर्षं उलटली. हरण्याचे केस विरळ झाले, उड्या आखडल्या. एका सकाळी तो गवतात थंड पडलेला धुरपाला दिसला. तेवढ्यात जिन्यावर राजाची पावलं वाजली.

"दाई, कसा आहे आपला हरण्या?"

त्याचा आशेनं फुललेला चेहरा बघून धुरपाला खरं बोलवेना. "झोपलाय, बाळराजे," ती म्हणाली. दुपारी माळावर जाऊन तिनं तसाच एक तरणा उंदीर आणून पिंजऱ्यात सोडला.

"काल म्हातारा होता, आज बघा कसा उडतोय," म्हणत वैद्यबुवा स्वतःच उड्या मारू लागले.

तोही उंदीर थकला. धुरपानं तिसरा आणला. बघता बघता हरण्याला पाच वर्षं झाली. चौकात तोरणं लागली, ढोल घुमू लागले. भरल्या दरबारात राजा काढ्याचा पहिला घोट घेणार होता.

पेला हातात आला, तेवढ्यात गावचे पाटील पुढं झाले. "महाराज, तळं खणायचं पाच वर्षं राहिलंय. विहिरी आटल्यात."

"पाटील, घाई काय? आता शंभर वर्षं आहेत माझ्यापाशी."

"तुमच्यापाशी आहेत, महाराज. आमच्या म्हशींपाशी नाहीत."

दरबार हसला. राजाही हसला. धुरपा मात्र हसली नाही. तिला एकदम कळलं, की तिच्या एका शब्दापायी सगळं गाव तहानेलं बसलंय. ती पुढं आली.

"बाळराजे, हा हरण्या नव्हे. हा तिसरा उंदीर आहे. दोन्ही वेळा मीच बदलला."

ढोल थांबले. वैद्य मटकन खाली बसले.

"पहिला किती जगला?" राजानं हळूच विचारलं.

"दोन वर्षं, चार महिने."

"काढा घेऊन?"

"काढा घेऊनच. माळावर राहिला असता, तर तेवढ्या दिवसांत त्यानं बीळ खणलं असतं, दाणे साठवले असते, चार-पाच वेळा पिल्लं वाढवली असती."

"आणि मी पाच वर्षं पिंजऱ्याकडे नुसता बघत बसलो," राजा म्हणाला. "तुला माझी भीती नाही वाटली, दाई?"

"आत्ताही वाटतेय. तेव्हा तुमचं तोंड उतरेल म्हणून गप्प बसले. आज गप्प बसले असते, तर तुमचे उरलेले दिवसही गेले असते."

राजानं पेला खाली ठेवला.

"मी तुझ्यावर फार रागावलोय. पण रागवायलाही आज वेळ नाही. पाटील, गावात कुदळी किती?"

"साठ असतील, महाराज."

"मग एकसष्टावी शोधा माझ्यासाठी."

ढोलवाले बावरून एकमेकांकडे बघत होते. "थांबलात कशाला?" राजा जिना उतरता उतरता म्हणाला. "वाजवा की, तळ्याच्या जागेपर्यंत." आणि ढोल घुमवत सगळा दरबार त्याच्यामागून माळाकडे निघाला.

तात्पर्य: आपल्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं त्याचेच दिवस वाया घालवतं; खरं ऐकवलं, तर उरलेलं आयुष्य त्याच्या हाती येतं.